त्याला अजून नाव देऊ नकोस

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

पटकथेचा खर्डा मिळाला, दोनदा वाचला. ढाक्याजवळच्या भवाल जमीनदारीतला, मेला असं समजलेला कुमार मीच, असं सांगणाऱ्या संन्याशाच्या खटल्यावर लिहावंसं तुला वाटलं, याचा मला फार आनंद झाला. 'एक जे छिलो राजा' हा 2018 चा बंगाली चित्रपट तू तीनदा पाहिलास म्हणतोस. आता काही दिवस तो बाजूला ठेव. त्यात नावं बदलून गोष्ट सांगितली आहे. तुला मूळ दाव्यापाशी जायचं आहे.

पहिल्याच प्रसंगात तू संन्याशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंस. पण तो आरोपी नव्हता. एप्रिल 1930 मध्ये ढाक्याच्या कोर्टात दावा त्यानेच लावला. मी मेलेलो नाही, मी भवालचा मधला कुमार रमेंद्रनारायण रॉय, आणि जमीनदारीतला माझा हिस्सा मला मिळावा, ही त्याची मागणी. म्हणजे तो वादी. समोर प्रतिवादी म्हणून बायको, विभावतीदेवी, आणि तिच्या पाठीशी जमीनदारी सरकारतर्फे सांभाळणारं कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स. दिवाणी दाव्यात शाबित करण्याची जबाबदारी वादीवर असते. मी मीच आहे, हे एका माणसाला साक्षीपुराव्याने शाबित करावं लागतंय. पिंजरा आणलास की नेमकं हेच हातचं जातं.

संवादांच्या डोक्यावर तू त्याचं नाव कुठे 'कुमार' लिहिलंस, कुठे 'तोतया'. निकाल लागेपर्यंत सगळीकडे 'वादी' लिही. आपल्याकडे तर 'तोतया' हा शब्द फारच सहज तोंडात येतो, कारण पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया आला आणि 1776 मध्ये पुण्यात त्याला देहान्त शासन झालं. पण 'तोतया' म्हटलं की चौकशी तिथेच संपते. ढाक्याच्या कलेक्टरनेही 1921 च्या जूनमध्ये जाहीर करून टाकलं होतं की हा माणूस खोटा आहे. तेव्हा दावा लागायलाही नऊ वर्षं अवकाश होता.

याच कारणासाठी स्मशानातला तो प्रसंग काढ. मे 1909, दार्जिलिंग, रात्री वादळी पाऊस, चितेजवळची माणसं आडोशाला पळतात आणि नागा साधू त्याला उचलून नेतात. तू लिहिलंस सुरेख, मला आवडलं. पण ते एकदा पडद्यावर दिसलं की प्रेक्षक न्यायाधीशाच्या आधी निकाल देऊन मोकळा होतो. त्यापेक्षा साक्षीदारांना बोलू दे. मृत्यू किती वाजता झाला, यावर केवढी झुंज झाली! वादीचं म्हणणं, संध्याकाळी मेला समजून त्याच रात्री स्मशानात नेलं. प्रतिवादींचं म्हणणं, मृत्यू मध्यरात्रीच्या सुमाराला झाला आणि दहन दुसऱ्या दिवशी सकाळी. मध्यरात्र खरी ठरली की वादीची वादळातली अंत्ययात्राच पुसली जाते. दार्जिलिंगच्या सिव्हिल सर्जनची साक्ष तर लंडनला कमिशनवर, म्हणजे कोर्टाबाहेर नेमलेल्या माणसासमोर, घेतली गेली. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीचे तास-दोन तास माणसं शपथेवर आठवत आहेत! हा ताण पावसाच्या दृश्यात नाही.

आता ओळखण्याबद्दल. मी वकिलीत नवा असताना वाटणीच्या एका दाव्यात वीस वर्षांनी परतलेला पुतण्या होता. त्याच्या म्हाताऱ्या आत्याला मी उलटतपासात विचारलं, कशावरून ओळखलंत? ती म्हणाली, "चालण्यावरून." मी तिला अर्धा तास पिळलं. डावा पाय की उजवा, किती वाकडा, तेव्हा आजूबाजूला कोण होतं. शेवटी ती गप्प झाली आणि आम्ही जिंकलो. तिची ओळख खोटी होती असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. तिला ती शब्दांत मांडता आली नाही, एवढंच. भवालच्या दाव्यात बहीण ज्योतिर्मयीदेवीने त्याला जेवताना न्याहाळलं होतं, हे विसरू नकोस. तो प्रसंग सावकाश घे. आणि त्याच्या शेजारी कोरडा पुरावा ठेव: घोट्यावरचा जखमेचा व्रण, पायांची खरखरीत कातडी, डोळ्यांचा रंग, विमा काढताना डॉक्टरने केलेल्या नोंदी. दोन्ही बाजूंचे मिळून हजारावर साक्षीदार झाले. तू सहाच घे, पण प्रत्येकाला स्वतःची बोली दे.

निकालानंतर तू टाळ्या वाजवल्यास, त्या काढ. न्यायाधीश पन्नालाल बसू यांनी 24 ऑगस्ट 1936 रोजी दावा मान्य केला खरा, पण कलकत्ता हायकोर्टात तीन न्यायाधीशांपैकी न्या. लॉज यांना तो पटला नाही. तेच कागद, तोच पुरावा, आणि एक प्रामाणिक माणूस उलट निष्कर्षाला आला. 1946 च्या जुलैअखेर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, विभावतीदेवींचं अपील फेटाळलं आणि काही दिवसांतच वादी वारला.

विभावतीदेवींना तू खलनायिका केलंस, याने मला सर्वांत जास्त त्रास झाला. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी नवरा गेला हे शेवटपर्यंत मानलं नाही, सौभाग्यचिन्हं उतरवली नाहीत. विभावतीदेवींनी नवरा परत आला हे शेवटपर्यंत मानलं नाही. तीन कोर्टांनी सांगूनही नाही. त्या खोटं बोलत होत्या असं गृहीत धरून एकदा लिही, आणि त्यांना खरंच तो परका दिसत होता असं धरून पुन्हा एकदा. त्यांचा उलटतपास आधी पाठव, बाकीचा खर्डा दिवाळीपर्यंत आला तरी चालेल.