'शित्तान' आणि आपला ओनामा

प्रश्न असा : सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीला जपानीत 'शित्तान' म्हणतात, त्याचा आपल्या 'ओनामा'शी काही संबंध आहे का?

आहे, आणि सख्खा आहे. पूर्वी मुलाचं अक्षर गिरवणं 'ॐ नमः सिद्धम्'ने सुरू होई. बोलीत त्याचं 'ओनामासीधं' झालं आणि पुढचा तुकडा 'ओनामा' सुरुवात या अर्थी आपल्याकडे उरला. मागचा तुकडा, सिद्धम्, लिपीचं नाव होऊन बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गे जपानला पोचला. ८०६ साली चीनहून परतलेल्या कूकाई या जपानी भिक्षूच्या शिंगोन या बौद्ध पंथात मंत्र याच लिपीत लिहीत, म्हणून वर्णमालाही घोकावी लागे.

जपानी मुळाक्षरांचा क्रम बघा : अ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या वर्णमालेतून जपानीला नको ती अक्षरं गाळली की हाच क्रम उरतो. 'हा' मध्येच का? तो जुन्या काळी 'पा' होता, म्हणून प-वर्गाच्या जागी बसला. 'सा' च-वर्गाच्या जागी आहे. त्याचा जुना उच्चार आपल्या 'चमचा'तल्या च-सारखा असावा, असं मानतात. (मराठी माणसाला हे पटकन कळतं, हिंदीवाल्याला समजवावं लागतं!)

खरी गंमत सतराव्या शतकातली. केइचू (१६४०–१७०१) हा शिंगोन भिक्षू, कोयासान पर्वतावर शिकलेला. मंत्रात एक अक्षर चुकलं तरी चालत नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं. तीच नजर त्याने 'मान्योशू' या प्राचीन काव्यसंग्रहाकडे वळवली. तेव्हा शुद्धलेखनात तेराव्या शतकातल्या कवी तेइकाचा शब्द प्रमाण होता. केइचूने तो बाजूला ठेवून जुन्या पोथ्याच तपासल्या. 'इ' आणि 'वि', 'ए' आणि 'वे', 'ओ' आणि 'वो' या जोड्या पुढे उच्चारात एक झाल्या, पण दहाव्या शतकाआधीच्या लेखनात त्यांची गल्लत होत नाही, हे त्याला दिसलं. १६९५ साली त्याचा 'वाजी शोरानशो' हा शुद्धलेखनावरचा ग्रंथ छापला गेला. त्यातून उभी राहिलेली लेखनपद्धत थेट १९४६पर्यंत चालली.

चूक त्याचीही झाली. 'ओ' आणि 'वो' यांची मुळाक्षरांच्या कोष्टकात अदलाबदल झालेली होती, ती त्याने तशीच ठेवली. ती १७७६ साली मोतोओरी नोरिनागाने दुरुस्त केली. प्राचीन जपानी ग्रंथांवरचा बौद्ध आणि चिनी विचारांचा थर खरवडून काढायला निघालेला हाच तो नोरिनागा. कोष्टक मात्र भिक्षूंचंच वापरलं, आणि केइचूचं ऋणही मोकळेपणाने मानलं.