सर्वांना एकच तक्ता का?

प्रश्न : माझे वडील ७२ वर्षांचे असून गोव्यातील सत्तरी तालुक्यात आमचे कुळागर (नारळ-सुपारीची बाग) आहे. लघवी अडत असल्यामुळे पुढील आठवड्यात त्यांच्यावर दुर्बिणीतून प्रोस्टेटची शस्त्रक्रिया होणार आहे. लघवीची नळी कोणत्या दिवशी काढणार, घरी कधी सोडणार, हे सारे आधीच नमूद केलेला छापील कागद परिचारिकेने आम्हांला दिला. वडिलांना मधुमेह आहे आणि ते रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. माणूस न पाहता सर्वांना एकच माप लावण्याचा हा प्रकार नव्हे का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : आपली शंका रास्त आहे; मात्र असा कागद नसता, तर मला अधिक काळजी वाटली असती. ठरावीक उपचारक्रमाची ही पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेतील बॉस्टनमध्ये परिचारिकांच्या पुढाकाराने आकाराला आली आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला ती विशेष लागू पडते, कारण या शस्त्रक्रियेनंतरचा क्रम बहुतेकांत सारखाच असतो. मूत्राशय नळीवाटे सलाईनने धुतले जाते, लघवीचा लाल रंग फिका होत जातो, मग धुणे थांबवतात आणि साधारणतः एक ते तीन दिवसांत नळी काढतात. हे लिहून ठेवलेले नसले, की केवळ कोणी सांगितले नाही म्हणून नळी आणखी एक दिवस राहते, आणि वाढलेल्या प्रत्येक दिवसागणिक जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

कागदावरचा दिवस हा अंदाज असतो, निर्णय मात्र खुणांवर होतो : रंग निवळला का, लघवी मोकळी होते का, मूत्राशयात किती उरते. खूण पटली नाही, तर क्रम थांबवून त्याचे कारण नोंदवायचे असते. म्हणून वडिलांची गोळी आणि साखर यांची नोंद त्यांच्या कागदावर कुठे आहे, हे अवश्य विचारावे. गोळी परस्पर बंद करू नये. ती कधी थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे हृदयाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतील. शस्त्रक्रियेच्या सकाळी पेज देण्याचा मोह आपल्याकडे होतोच; पण भुलीच्या दृष्टीने पेज हे अन्न आहे, पाणी नव्हे, आणि अन्न किमान सहा तास आधी थांबवावे लागते.

घरी आल्यावर दहा ते चौदा दिवसांनी आतल्या जखमेची खपली सुटून लघवी पुन्हा थोडी लाल होऊ शकते. लघवीतून रक्ताच्या गाठी पडल्या, लघवी अडली किंवा ताप आला, तर लगेच रुग्णालय गाठावे. चार ते सहा आठवडे नारळांच्या पाट्या उचलू नयेत, कुथू नये.

प्रोस्टेटचा काढलेला तुकडा तपासणीला जातो आणि क्वचित त्यात कर्करोग आढळतो. तरीही घरी परतल्याच्या आनंदात तो अहवाल आणायचे राहून जाते. तो घेण्याची तारीख आपल्या कागदावर नसेल, तर निघण्यापूर्वी परिचारिकेकडून ती लिहून घ्यावी.