जुनं सॉफ्टवेअर चालतंय, मग लाखभर कशाला घालू?

प्रश्न थोडक्यात असा: हार्डवेअर-सिमेंटचं एकट्याच्या मालकीचं दुकान, वर्षाची उलाढाल पावणेदोन कोटी. काउंटरवर आय-३ ७१०० आणि आत ऑफिसात आय-५ ८४००, दोन्हींवर विंडोज १०. ऑफिसच्या मशीनवर टॅली ईआरपी ९ हे हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर, त्याचं टीएसएस, म्हणजे अपडेट मिळवून देणारी वर्गणी, केव्हाच संपलेलं. विक्रेत्याचं कोटेशन: दोन नवे संगणक ८४,००० आणि टॅलीप्राइमचा, म्हणजे टॅलीच्या नव्या आवृत्तीचा, सिल्व्हर (एका संगणकापुरता) नवा परवाना २६,५५०, एकूण १,१०,५५० रुपये. पैसे सीसीतून (बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून) उचलायचे, व्याज ११ टक्के.

हे कोटेशन आहे तसं मान्य करू नका. सीसीवर वर्षाला बारा हजारांचं व्याज चढेल, आणि त्यातली बरीचशी खरेदी तुम्हाला आज नकोच आहे.

आधी ऑफिसचं मशीन. ८४०० म्हणजे आठव्या पिढीचा प्रोसेसर, त्यावर विंडोज ११ फुकट चढतं. 'तुमचा संगणक पात्र नाही' असा संदेश येत असेल, तर बहुधा बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) टीपीएम ही सुरक्षेची सोय बंद आहे. असेंबल केलेल्या मशीनवर हे नेहमीचंच. बायोसमध्ये जाऊन 'इंटेल पीटीटी' (इंटेलचं टीपीएम) चालू करा, सिक्युअर बूट तपासा, मग पुन्हा प्रयत्न करा. त्याआधी डेटाची प्रत बाहेर काढून ठेवा.

काउंटरचं ७१०० सातव्या पिढीचं, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. घरगुती वापराची वाढीव मुदत स्वस्त आहे, पण ती धंद्याच्या मशीनसाठी नाही. धंद्यासाठी पहिल्या वर्षी प्रति मशीन ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि उशिरा आलात तर मागच्या वर्षाचेही भरा. बिल छापणाऱ्या संगणकासाठी एवढे पैसे घालू नयेत. त्याची इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा, बिलं छापू द्या. नेट बँकिंग, ईमेल, जीएसटी पोर्टल यातलं काहीही त्यावर उघडायचं नाही. सीसी खात्याचं लॉगिन तिथे सेव्ह असेल तर आजच पुसा आणि पासवर्ड बदला.

आता टॅली. नवा परवाना कशाला? तुमचा परवाना कायमचा आहे. टीएसएस नूतनीकरण केलं की टॅलीप्राइम त्याच परवान्यावर मिळतं. सिल्व्हरला ४,५०० अधिक जीएसटी, म्हणजे ५,३१०, त्यातले ८१० क्रेडिटला येतात, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतात. पैसे भरण्याआधी दर एकदा विचारून घ्या.

हा खर्च मात्र करा. ई-इनव्हॉइसची, म्हणजे सरकारी पोर्टलवर बिल नोंदवण्याची, मर्यादा ५ कोटी उलाढालीची, ती तुम्हाला लागू नाही. ऑडिट ट्रेलचा, म्हणजे हिशेबातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवण्याचा, नियम कंपन्यांना आहे, तोही नाही. पण २२ सप्टेंबर २०२५ला सिमेंटवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला, आणि मे २०२५पासून जीएसटीआर-१च्या (विक्रीच्या विवरणाच्या) तक्ता १२मध्ये एचएसएन, म्हणजे मालाच्या कोडप्रमाणे विक्री, बी-टू-बी (व्यापाऱ्यांना) आणि बी-टू-सी (किरकोळ ग्राहकांना) अशी वेगळी द्यावी लागते. ईआरपी ९मध्ये ही वाटणी दर महिन्याला हाताने, एक्सेलमध्ये. अकाउंटंटचे दोन-तीन तास त्यात जात असतील तर ५,३१० वर्षभरात सहज वसूल होतात.

टॅलीतला बदल २० तारखेनंतर करा, जीएसटीआर-३बी (महिन्याचं कर भरण्याचं विवरण) भरून झालं की. डेटा फोल्डरच्या दोन प्रती, एक दुकानाबाहेर. प्राइममध्ये रूपांतरित डेटा ईआरपी ९मध्ये परत उघडत नाही, म्हणून मूळ फोल्डरला हात लावू नका. रूपांतराआधी आणि नंतर ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) छापून जुळवा. बिलाच्या छपाईसाठी कुणाकडून टीडीएल (टॅलीत खास बदल करणारा छोटा प्रोग्रॅम) करून घेतलं असेल तर तेच सगळ्यात आधी बिघडतं. त्याचे पैसे वेगळे विचारा.

काउंटरचं मशीन पुढे बंद पडलंच, तर नवं ३ ऑक्टोबरपर्यंत वापरात आणलेलं बरं: आर्थिक वर्षात १८० दिवस भरले की आयकरात घसारा (किमतीतली वजावट) ४० टक्के, नाहीतर २०. ४२,००० च्या मशीनमधला ६,४०७ चा जीएसटी क्रेडिटला येतो, घसारा उरलेल्या ३५,५९३ वर.