पहारेकरी गाफील होते का?

प्रश्न : बैरुतमध्ये १९८३ साली अमेरिकी मरीन सैनिकांच्या तळावर झालेल्या हल्ल्याविषयी वाचले. शस्त्रसज्ज पहारा असताना स्फोटकांनी भरलेला ट्रक थेट इमारतीत कसा शिरला? पहारेकरी गाफील होते असे समजायचे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. त्या जवानांवर हा ठपका ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

२३ ऑक्टोबर १९८३ रोजी, रविवारी सकाळी ६ वाजून २२ मिनिटांनी, एक पिवळा मर्सिडीज ट्रक बैरुत विमानतळाच्या आवारातील वाहनतळावर आला. तेथे एक फेरी मारून त्याने वेग घेतला आणि काटेरी तारांचा अडथळा तोडून, दोन चौक्यांच्या मधून, तो चार मजली इमारतीत घुसला. सुट्टीचा दिवस असल्याने बहुतेक जण अजून झोपेत होते. या स्फोटात २४१ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले, त्यांपैकी २२० मरीन होते. काही मिनिटांतच फ्रेंच सैनिकांच्या ‘द्राकार’ या इमारतीवर झालेल्या दुसऱ्या स्फोटात ५८ फ्रेंच छत्रीसैनिकांचा बळी गेला.

आतल्या चौक्यांवरील पहारेकऱ्यांना रायफलीत मॅगझिन चढवण्याचीच मनाई होती. चुकून गोळी सुटून निरपराध नागरिक जखमी होऊ नयेत, असा तिचा हेतू होता. तरीही एका पहारेकऱ्याने ट्रक येताना पाहिल्यावर मॅगझिन चढवले, गोळी भरली आणि नेम धरला. पण तोवर ट्रक इमारतीत पोहोचला होता. याहून अधिक तो काय करू शकला असता?

खरा प्रश्न हा आदेश का टिकून राहिला, हा आहे. साब्रा आणि शातिला या बैरुतमधील पॅलेस्टिनी निर्वासितांच्या वस्त्यांत झालेल्या हत्याकांडानंतर, सप्टेंबर १९८२ च्या अखेरीस, अमेरिका, फ्रान्स व इटलीचे सैन्य शांतता राखण्यासाठी बैरुतमध्ये परतले. त्यांनी लढायचे नव्हते, केवळ तेथे असायचे होते, आणि नियमही त्याला साजेसेच होते. पुढे परिस्थिती पालटत गेली. १८ एप्रिल १९८३ रोजी अमेरिकी दूतावासावर वाहनातील स्फोटकांनी हल्ला होऊन ६३ जण ठार झाले, तेव्हा दूतावासाच्या रक्षकांसाठी निळ्या कार्डावर गोळीबाराचे अधिक मोकळे नियम दिले गेले, पण विमानतळावरील सैनिकांच्या हाती मात्र जुन्या, कडक नियमांचे पांढरे कार्डच राहिले. सप्टेंबरमध्ये तर अमेरिकी युद्धनौकांनी बैरुतजवळच्या डोंगरातील सूक अल-गर्ब या गावी लेबनीज सैन्याच्या मदतीसाठी तोफा डागल्या आणि विरोधी गटांच्या दृष्टीने अमेरिका तटस्थ उरली नाही. माझ्या मते सर्वांत मोठी चूक येथेच झाली : भूमिका बदलली, तरी त्या भूमिकेसाठी आखलेला पहारा बदलला नाही.

एवढे जवान एकाच छताखाली का ठेवले, असेही अनेकजण विचारतात. ती भक्कम काँक्रीटची इमारत तोफगोळ्यांपासून व लपून केलेल्या गोळीबारापासून आसरा देत असे, म्हणूनच ती निवडली होती. बाहेरून येणाऱ्या माऱ्याचा विचार झाला होता, आत येऊन फुटणाऱ्या ट्रकचा झाला नव्हता.

अ‍ॅडमिरल रॉबर्ट लाँग यांच्या चौकशी आयोगाने डिसेंबरमध्ये अहवाल देताना तळावरील अधिकाऱ्यांबरोबरच वरिष्ठांच्या साखळीवरही दोष ठेवला. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सारी जबाबदारी स्वतःवर घेतली आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये मरीन सैनिकांना किनाऱ्याजवळील जहाजांवर हलवण्यात आले.