व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये काही रूट आधी लॉक का असतात? गाइड बघून खेळावं का?

तुम्ही लिहिलंय की असा गेम (चित्रं बघत, मधे मधे पर्याय निवडत वाचायची गोष्ट) दोनदा संपवला, दोन्ही वेळा कव्हरवरच्या हिरोऐवजी भलत्याच पात्राची गोष्ट लागली, आणि आता गाइड (कुठे काय निवडायचं ते सांगणारी यादी) उघडावं की गेमच काढून टाकावा अशा विचारात आहात. बहुतेक तुमचं काहीच चुकलेलं नाही. तुम्हाला हवा तो रूट (एकेका पात्राच्या कथेची वेगळी वाट) अजून उघडलेलाच नसणार. कव्हरवर मधोमध जो ऐटीत उभा असतो, तो बऱ्याचदा सगळ्यात शेवटी भेटतो. 'कोड: रिअलाइझ' (२०१४) मध्ये ल्यूपँचा रूट बाकीच्या चौघांच्या कथा संपवल्याशिवाय मिळतच नाही, पहिल्या दिवसापासून त्याच्याशी कितीही गोड बोला. गाइड जरूर बघा, पण आज नको.

मी इंदूरचा. दिवसा लोकांचे हिशेब लिहितो आणि कॉलेजात असल्यापासून असले गेम वाचतोय. वाचतोयच म्हणायचं, खेळण्यासारखं त्यात असतं किती! रूट लॉक का करतात हे मात्र मला वाचताना कधी कळलं नव्हतं. मधे हौसेनं एक छोटा गेम स्वतः लिहिला, तेव्हा कळलं.

रेनपाय नावाचं एक फुकट मिळणारं साधन आहे. २००४ पासून आहे आणि हौशी मंडळींच्या कितीतरी व्हिज्युअल नॉव्हेल त्यावरच बनलेल्या आहेत. त्यावर मी रामबागेतल्या एका जुन्या वाड्याची गोष्ट रचली. भाड्यानं राहायला आलेल्या मुलाला माळ्यावरच्या ट्रंकेत एक बिननावाचं पत्र सापडतं. तीन रूट होते: वाड्याची मालकीण असलेली आजी, शेजारची मुलगी आणि फाटकावरचा राखणदार. पत्र कुणी लिहिलं हे राखणदाराला ठाऊक असतं, आजी ते लपवत असते आणि मुलीचा भलताच समज असतो. तिन्ही रूट पहिल्यापासून उघडे ठेवले. म्हटलं, वाचणाऱ्याला मोकळीक असावी.

सुटीत मावसबहीण वडोदऱ्याहून आली होती, तिला बसवलं. पहिलाच प्रश्न आला, 'संध्याकाळी कुठे जायचं?' तिनं निवडलं, 'फाटकापाशी जाऊन बस.' पाऊण तासात सगळं गुपित तिच्या हातात. मग ती आजीच्या रूटला लागली. त्यात एक प्रसंग होता: आजी शेंगा सोलत बसलीय, मुलगा पत्राचा विषय काढतो आणि ती दर वेळी बोलणं लोणच्यावर नेते. त्या प्रसंगावर मी दोन महिने घालवले होते. ताई म्हणाली, "अरे, ही खोटं बोलतेय ना, मला माहितीये. पुढे कसं पळवायचं रे?"

प्रसंगातला एकही शब्द वाईट नव्हता. तो भलत्या वेळी वाचला गेला, एवढंच. पुस्तकात पान बाराच्या आधी पान अकरा येतं; लेखकाला त्याची काळजी करावी लागत नाही. वाटा फुटल्या की तो हक्क जातो, आणि कुठलं गुपित कधी कळावं हे वाचणाऱ्याच्या क्लिकवर जाऊन बसतं. रूट लॉक करणं म्हणजे तो हक्क थोडासा परत घेणं. त्याच रात्री मी राखणदाराला कुलूप लावलं: आधी आजी, मग मुलगी, दोघींच्या गोष्टी संपल्या की मगच फाटक.

लहानपणी आजी (ही माझी खरी आजी) कीर्तनाला न्यायची. बुवा पूर्वरंगात एक अभंग घेऊन तासभर निरूपण करायचे आणि आम्हा पोरांचा सगळा डोळा उत्तररंगातल्या आख्यानावर. एका वर्षी मी मुद्दाम उशिरा गेलो. आख्यान सगळं मिळालं, लढाई झाली, बुवांनी आवाज लावले, मजा आली. शेवटी त्यांनी तोच पूर्वरंगातला अभंगाचा चरण पुन्हा घेतला आणि पुढच्या रांगेतल्या बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. मला कळेना झालं काय. मी तो चरण पहिल्यांदाच ऐकत होतो.

'फेट/स्टे नाइट' (२००४) हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे. तीन रूट, क्रम पक्का: आधी 'फेट', मग 'अनलिमिटेड ब्लेड वर्क्स', शेवटी 'हेवन्स फील'. पहिल्या वेळी बाकीचे दोन निवडताच येत नाहीत. पहिल्या रूटमध्ये जगाचे नियम आणि नायकाचं एक ध्येय मांडलं जातं. दुसऱ्यात त्या ध्येयालाच कुणीतरी आव्हान देतं, आणि तिसऱ्यात ते धरून ठेवायची किंमत काय हे विचारलं जातं. तिसरा आधी वाचला तर कळणार नाही असं नाही, पण चरण ओळखीचा नसेल.

ही युक्ती नवी नव्हे. १९९२ साली जपानमध्ये चुनसॉफ्ट कंपनीनं 'ओतोगिरिसो' काढला, तेव्हाच एकदा गोष्ट संपवली की पुढच्या वाचनात आधी नसलेले पर्याय दिसायला लागायचे. पुढे कोतारो उचिकोशी यांच्यासारख्या लेखकांनी तर लॉकलाच कथेचा भाग केलं. त्यांच्या 'व्हर्च्युज लास्ट रिवॉर्ड' (२०१२) मध्ये सगळ्या वाटांचा नकाशा दिसतो आणि त्यावर कुलपं काढलेली असतात. एका वाटेवर अडकलात की दुसरीवर जायचं, तिथे कळलेली गोष्ट घेऊन परत यायचं. असं का करता येतं याचंही उत्तर कथेत आहे, ते मी इथे सांगणार नाही. 'क्लॅनाड'मध्ये (हाही २००४ चा) पात्रांच्या कथा नीट मार्गी लावल्या की प्रकाशाचे गोळे मिळतात आणि ते पुरेसे जमल्याशिवाय 'आफ्टर स्टोरी' उघडत नाही. तिथवर पोचलेला माणूस त्या गावातल्या बहुतेकांना ओळखत असतो, आणि लेखकाला तेच हवं असतं.

पण सगळी कुलपं अशी सज्जन नसतात हेही सांगतो. मी एकच बघतो: लॉक केलेला रूट आधी वाचलेल्याचा काही उपयोग करतो का? करत असेल तर कुलूप कथेसाठी आहे. तीच सहल, तीच जत्रा, फक्त पात्र बदललेलं असेल, तर ते 'चाळीस तासांचा गेम' असं जाहिरातीत लिहिता यावं म्हणून आहे. मोबाइलवर आणखी एक जात आहे. 'मिस्टिक मेसेंजर'मध्ये (२०१६) 'डीप स्टोरी' उघडायला वाळूची घड्याळं लागतात. ती खेळून जमवता येतात, विकतही मिळतात. किल्ली दुकानात मिळत असली की त्या कुलपाबद्दल मला फार आदर वाटत नाही.

आता तुमची अडचण. अशा गेमला दोन प्रकारची आठवण असते. एक सेव्ह फाइलमधली: कुणाशी काय बोललात, कुणाच्या जवळिकीचे किती पॉइंट झाले. नवा गेम सुरू केला की ती पुसली. दुसरी सेव्हच्या बाहेर राहते: आजवर कोणते शेवट पाहिलेत. रेनपायमध्ये तिला पर्सिस्टंट म्हणतात. लॉक सहसा या दुसऱ्या आठवणीवर टांगलेला असतो, आणि अट पुरी झाली नसेल तर तो पर्याय दिसतच नाही. जिथे तीन ओळी हव्यात तिथे दोनच दिसतात; तिसरी होती हे कळायला काही मार्ग नाही. तुम्ही दोन्ही वेळा जे शोधत होतात ते पडद्यावर नव्हतंच.

माझी पद्धत अशी. पहिली खेप पूर्ण आंधळी. आपल्याला जे बोलावंसं वाटेल ते बोलायचं. फक्त सगळ्यांना खूश करायला जायचं नाही. नवे लोक हीच चूक करतात: सोमवारी हिच्याशी गोड, मंगळवारी तिच्याशी, पॉइंट सगळीकडे थोडे थोडे वाटले जातात आणि शेवटी नायक एकटाच घरी जातो. मनात एक माणूस धरायचा आणि त्यालाच चिकटून राहायचं. प्रत्येक निर्णयाच्या आधी नवीन सेव्ह करायचा, जुन्यावर नाही. पहिल्या निर्णयाच्या आधीचा सेव्ह तर कधीच पुसायचा नाही. एखादा रूट संपल्यावर तोच जुना सेव्ह उघडला की तिथे एक नवीन ओळ उगवलेली असते, असं मी कितीदा तरी पाहिलंय.

आणि वही. माझ्याकडे सवयीनं खातेवहीच असते. डावीकडे काय निवडलं, उजवीकडे काय झालं. 'छत्री दिली: ती हसली. नाही दिली: दुसऱ्या दिवशी ती आजारी, नवा प्रसंग.' दोन पानं भरली की नावे-जमा दिसायला लागते आणि कुठली बाकी जुळत नाही तेही दिसतं. ती न जुळणारी बाकी म्हणजेच लॉक केलेला रूट. एक पात्र प्रत्येक गोष्टीत येतं, सूचक काहीतरी बोलून जातं आणि त्याच्यासोबत बसायचा पर्याय मात्र कधीच मिळत नाही. त्याच्या नावापुढे मी चांदणी काढून ठेवतो.

दुसऱ्या खेपेला स्किप (मजकूर आपोआप पुढे पळवायची सोय) लावायचा, पण सेटिंगमध्ये 'फक्त वाचलेला मजकूर' हेच ठेवायचं. पळता पळता तो मधेच थांबला की समजायचं, इथे काहीतरी नवीन आहे. ही सोय कमी असली की काय हाल होतात ते 'नऊ तास, नऊ माणसं, नऊ दारं' म्हणजे '९९९' च्या पहिल्या, २००९ च्या आवृत्तीवाल्यांना विचारा. खरा शेवट हवा तर आधी एक ठरावीक दुसरा शेवट पाहिलेला हवा, आणि प्रत्येक वेळी सुरुवातीपासून तीच कोडी पुन्हा सोडवायची. २०१७ च्या आवृत्तीत वाटांचा नकाशा आला तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास सोडला.

वाईट शेवट आला म्हणून लगेच रिवाइंड करू नका. सत्यनारायणाच्या कथेत कलावती प्रसाद न घेताच नवऱ्याला भेटायला धावते आणि नाव पाण्यात जाते. मग परत जाऊन प्रसाद घेते, नाव वर. शुद्ध बॅड एंडिंग आणि लोड सेव्ह. पण नाव बुडाली नसती तर प्रसादाचं महत्त्व कुणाला कळलं असतं? 'फेट'मध्ये तर मेल्यावर एक विनोदी वर्ग भरतो आणि कुठे चुकलं ते सांगितलं जातं. काही लोक मुद्दाम त्यासाठी मरतात. त्यातला एक मी.

गाइड कधी? निदान एक शेवट स्वतः गाठल्यावर, आणि तेव्हाही सगळी उत्तरं नाहीत, फक्त रूटचा क्रम बघायचा. तुमचे दोन शेवट झालेत, तरी अजून एक आंधळी खेप करा आणि मग क्रम बघा. याला अपवाद आहे. 'स्टाइन्स;गेट'मध्ये (२००९) नेहमीसारखे पर्याय येतच नाहीत; फोन उचलायचा की नाही, कुठल्या मेलला काय उत्तर द्यायचं, यावर सगळं चालतं. खऱ्या शेवटासाठी बऱ्याच आधीच्या काही मेलना ठरावीक उत्तरं दिलेली लागतात. पहिल्या खेपेत ते आपोआप जुळणं अवघड, आणि तेव्हा ते महत्त्वाचं आहे हे कळतही नाही. ते कुलूप नव्हे, गवतात टाकलेली किल्ली आहे. तिथे पहिल्या शेवटानंतर बिनधास्त गाइड लावा.

माझा राजेंद्रनगरचा एक मित्र यातलं काहीच करत नाही. एक रूट वाचतो आणि गेम बंद करतो. "माझ्या बाबतीत जे घडलं ते घडलं," म्हणतो. 'फेट'चा त्यानं एक-तृतीयांश भाग वाचलाय आणि त्यावर तासन् तास बोलतो. मला पटत नाही, पण अजून त्याला हरवता आलेलं नाही.

माझ्या गेमचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. दिवाळीत ताई पुन्हा आली. राखणदाराला कुलूप लावून मी ऐटीत तिच्यापुढे लॅपटॉप ठेवला. पाच मिनिटांत हाक आली, "अरे, फाटकापाशी बसायचा पर्याय कुठे गेला? तुझा गेम बिघडलाय." तिचं बरोबरच होतं, कुलूप आहे हे मी कुठे दाखवलंच नव्हतं. मग तो पर्याय फिकट अक्षरात दिसत ठेवला आणि त्याखाली ओळ घातली: 'राखणदार अजून तुला ओळखत नाही.' ती वाचून ताई गुपचूप आजीकडे वळली. या वेळी शेंगांचा प्रसंग तिनं पळवला नाही.

नंतर तिचा मुलगा त्याच लॅपटॉपवर बसला. शेवट पाहिल्याची आठवण कॉम्प्युटरकडे असते, माणसाकडे नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आईनं सगळं उघडून ठेवलेलं होतं. तो पहिल्याच क्लिकला सरळ फाटकापाशी जाऊन बसला.