कयाकचा आराखडा माझ्या अंगाला बसेल असा कसा बदलू?

तुमची उंची १५२ सेंमी, वजन ५० किलो आणि आराखडा ८० किलोच्या माणसासाठीचा. लांबी ५२०, रुंदी ५८, फर्मे (होडीला आकार देणारे आडवे साचे) ३० सेंमी अंतरावर. सगळंच सरसकट १० टक्के आखडू का, असं विचारलंय. नका आखडू. त्रास कुठे होतो ते आधी पाहा.

बहिणीसाठी मी लाकडी पट्ट्या जोडून कयाक बांधली, तीही साधारण तुमच्याच उंचीची. आराखड्यात काहीच बदललं नाही. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत पहिल्याच दिवशी होडीच्या काठावर घासून तिची बोटं सोलली, कारण डेक, म्हणजे होडीचं वरचं झाकण, तिच्या बरगड्यांपर्यंत येत होता. बैठकीखाली ३ सेंमीचा फोम घातला. हात सुटले, पण होडी अशी डुलायला लागली की तिने वल्हं मारायचं सोडून काठच धरून ठेवला. मला फार वाईट वाटलं.

म्हणून पहिला बदल डेकचा. पाण्याखालचा आकार जसाच्या तसा ठेवा, फक्त फर्म्यांचा वरचा भाग ४-५ सेंमी उतरवा. हलकं माणूस बसलं की होडी पाण्यावर जास्त तरंगते आणि उंच डेकवर वारा धरतो, तेही यातच कमी होतं. मात्र पावलं विसरू नका! बूट घालून, पाय पसरून जमिनीवर बसा, पावलं जरा बाहेर कलती ठेवा आणि जमिनीपासून बोटांच्या टोकापर्यंत मापा. डेक त्याच्या खाली येता कामा नये. नंतर खोक्याच्या पुठ्ठ्याचे कंबर, गुडघे आणि पावलं इथले तीन फर्मे कापून त्यांच्यात बसा आणि काठी घेऊन वीस मिनिटं वल्हवा. कुठे टोचतंय ते कागदावर कधीच कळत नाही.

लांबी कमी करणं सोपं आहे: फर्मे ३० ऐवजी २८.५ सेंमीवर लावा, होडी ४९४ ची होईल.

रुंदीला मात्र जपून हात लावा. रुंदीमुळे मिळणारा आधार तिच्या घनाप्रमाणे बदलतो. ५८ ची ५६ केली तरी त्यातला सुमारे १० टक्के जातो, ५२ केली तर पावापेक्षा जास्त. ग्रीनलंडचे इनुइट कारागीर अंगावरूनच माप घ्यायचे: कंबरेची रुंदी अधिक दोन मुठी, आणि लांबी पसरलेल्या हातांच्या तिप्पट. पण ते लहानपणापासून कयाकमध्ये बसलेले आणि अगदी तळाला टेकून बसणारे. नवशिक्याने ५६ च्या खाली जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

बैठक इपॉक्सीने लगेच चिकटवू नका. शांत पाण्यात नुसती ठेवून बसा, कुणाला तरी किनाऱ्यावरून बाजूने बघायला सांगा. पुढचं टोक दबलेलं दिसलं तर बैठक एकेक सेंमी मागे घ्या, नाहीतर मागचा भाग हलका पडून होडी सारखी वाऱ्याकडे तोंड वळवते. दोन्ही टोकं नीट बसली की पेन्सिलने खूण करा आणि मगच चिकटवा.