वूफरला जळका वास येतोय? आधी बास बूस्ट शून्यावर आणा

निपाणीच्या भाऊंची पोस्ट वाचून आधी हसलो, मग पोटात गोळा आला. गाडीत बारा इंची वूफर (बासचा मोठा स्पीकर), त्याला 300 वॉटचा मोनो अ‍ॅम्प (एकाच चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर), त्यावरचा गेनचा नॉब फुल, बास वाढवणारा बास बूस्ट फुल, तरी दणका नाही, स्टिरिओ 25 च्या वर नेला की दारांचे स्पीकर फाटतात आणि अर्ध्या तासात डिकीतून जळका वास. भाऊ, ही तर माझीच सहा वर्षांपूर्वीची गाडी की ओ!

जाड वायर, बॅटरीजवळ फ्यूज, रंग खरवडलेल्या पत्र्यावर अर्थिंगची वायर, हे सगळं केलंय असं धरून चालतो. मी मेकॅनिक नव्हे, दोन वूफर जाळून शिकलेला माणूस आहे. त्यामुळे पटेल तेवढंच घ्या.

माझं फिटिंग करणारा पोरगा एरवी गणपतीच्या मिरवणुकीला डॉल्बी लावायचा. त्याचा हिशेब एकच, काच थरथरली की झालं. पेचकस घालून त्यानं गेन उजवीकडं टोकाला नेला आणि म्हणाला, "आता वाजतंय बघा." एका रात्री खानापूरहून येत होतो, मरणाचा पाऊस, काचा बंद. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात येतो तसला वार्निशचा वास गाडीभर पसरला. घरी येऊन वूफरच्या कोनवर, म्हणजे पुढच्या हलणाऱ्या पडद्यावर, दोन्ही हातांची बोटं टेकवली आणि हळूच आत दाबलं, तर आतून खरखर. कॉइल, म्हणजे कोनमागची तारेची गुंडाळी, गेली होती. तुम्हीही आजच दाबून बघा.

पुढचं रामायण वॉरंटीचं. वूफर कोल्हापुरात घेतलेला. बेळगावात म्हणाले, बिल महाराष्ट्राचं आहे, तिकडं जा. कोल्हापुरात म्हणाले, पत्ता कर्नाटकचा, हुबळीला जा. हुबळीत पंधरा दिवस ठेवून घेतला आणि सांगितलं, कॉइल जळाली तर वॉरंटी नाही. सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो वूफरलाही लागू होतो हे मला तिथं कळलं. खरं सांगायचं तर चूक माझीच होती. पण तेवढं एक वाक्य पहिल्याच दिवशी फोनवर सांगायला काय जात होतं? पेट्रोल गेलं, तीन रजा गेल्या. आणि वास कशामुळं आला ते कुणीच सांगितलं नाही, म्हणून त्याच सेटिंगवर दुसरा वूफर लावला. तोही चार महिन्यांत गेला.

कारण असं आहे. स्टिरिओ आरसीएमधून, म्हणजे अ‍ॅम्पकडं सिग्नल नेणाऱ्या वायरमधून, दोन-चार व्होल्ट देतो. किती व्होल्ट आले की पूर्ण ताकद द्यायची, एवढंच गेन अ‍ॅम्पला सांगतो. फुल गेन केला की बऱ्याच अ‍ॅम्पना 0.2 व्होल्टलाच सगळी ताकद लावावी लागते. मग आवाज थोडा वाढवला तरी सिग्नलच्या लाटेचे शेंडे सपाट कापले जातात. लाट पूर्ण चौकोनी झाली तर तेवढ्याच उंचीच्या साध्या लाटेपेक्षा दुप्पट पॉवर कॉइलमध्ये जाते, आणि ती बहुतेक उष्णताच होते. त्यात बास बूस्ट 6 डेसिबल म्हणजे त्या फ्रीक्वेन्सीला चौपट पॉवर मागणं. माझ्या मते तो नॉब अ‍ॅम्पवर नसायलाच हवा.

आता करायचं काय? वूफरची वायर काढा. इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, बास बूस्ट शून्य. गेन पूर्ण डावीकडं. इंजिन चालू ठेवा, स्टिरिओ 40 पैकी 30 वर न्या आणि 50 हर्ट्झचा 0 डेसिबलचा (म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये बसेल तेवढा मोठा) टोन लावा. पेनड्राइव्हवर घेतलेला बरा, ब्लूटूथवर भरवसा नको. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा आणि ठरलेला आकडा दिसेपर्यंत गेन हळूहळू उजवीकडं फिरवा. आकडा काढायचा तो असा: वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. वॉट आरएमएसचेच (सतत झेपणारे) धरा, खोक्यावरचे 'मॅक्स' सोडून द्या. 300 वॉट, 4 ओहम असेल तर 34.6 व्होल्ट. वूफर 250 चा असेल तर 31.6 वरच थांबा. मी त्याहून दोन व्होल्ट कमीच ठेवतो, कारण गाण्यात फरक कळत नाही, खिशाला कळतो.

दारांच्या स्पीकरलाही हीच रीत, फक्त टोन 1 किलोहर्ट्झचा. 50 वॉट, 4 ओहमला 14.1 व्होल्ट. मग तिथं हाय पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) 80 हर्ट्झला, वूफरला लो पास (वरचे सूर अडवणारा) 80 ला. तुमची दारं 25 च्या वर फाटतात ती बहुधा हाय पास बंद असल्यानं. सहा इंची कोनकडून ढोल वाजवून घेताय तुम्ही. एवढं करूनही दणका पुढं येत नसेल तर अ‍ॅम्पवरचा फेजचा स्विच (वूफरची लाट उलटी करणारा) 0 वरून 180 करून बघा. माझ्या गाडीत तेवढ्यानंच काम झालं, आणि मी मात्र वर्षभर गेन पिळत बसलो होतो.

चोर्ला घाटाच्या बाजूला जात असाल तर वूफरचा डबा पट्ट्यानं बांधा. माझा एकदा वळणावर घसरून अ‍ॅम्पवर आदळलाय. आणि गेन बसला की नॉबच्या कडेला मार्करनं खूण करून ठेवा, गाडी धुवायला दिली की पोरं फिरवतातच.